कासऱ्याची सवय

बॅटरीच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला मी पहिला धडा देतो तो चालवायचा नसतो, थांबायचा असतो. खुर्चीच्या उजव्या हातावर एक लहान दांडी असते. ती पुढे ढकलली की खुर्ची पुढे जाते, मागे ओढली की मागे. थांबायचं असेल तर काहीच करायचं नाही, फक्त हात सोडायचा. दांडी आपोआप मधे येते आणि खुर्ची जागच्या जागी उभी राहते. यात मी माझी एक भर घातली होती. हात नुसता सोडायचा नाही, वर उचलून मांडीवर ठेवायचा, म्हणजे घाबरून तो पुन्हा दांडीला लागत नाही.

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांसाठी मी हे काम करतो. एक संस्था खुर्च्या देते. मी लोकांना त्या चालवायला शिकवतो, मग त्यांची परीक्षा घेतो, आणि हा माणूस एकटा खुर्ची चालवू शकतो की नाही ते फॉर्मवर लिहितो. शेवटच्या परीक्षेला मी ‘नाही’ लिहिलं की खुर्ची परत जाते.

माझ्या धाकट्या भावाच्या फॉर्मवर मी ‘होय’ लिहिलं. त्याला जाऊन आता आठ महिने झाले. हे रोज थोडं थोडं लिहितो आहे. काही दिवस एकच ओळ होते.

आमचं गाव विंझरच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत. मी शिकलो, भोरला राहिलो, पुस्तकं जमवली. भाऊ शाळेतून पळाला आणि बैलांमागे गेला. आमच्या भाताच्या खाचराला लागून चुलत भावाचं खाचर, त्याचं वर, आमचं खाली, मधे बांध. दर वर्षी चिखलणीच्या वेळी चुलत भाऊ फावड्याने तो बांध आमच्या बाजूने कोरायचा. वीतभर, कधी टीचभर. एका वर्षात कळू नये इतकं.

चार वर्षांपूर्वी चिखलणीला मी रविवार बघून गावी गेलो होतो. मदतीला म्हणून, पण बांधाच्या टोकाला उभा राहून बघण्यापलीकडे मला काही जमत नव्हतं. भावाने बैल थांबवले आणि वर बघितलं.

“आरं ए, कोरतोयस व्हय? गेल्या साली वीत खाल्लीस, औंदा हात खातोस?”

“तुझ्या बापानं आणला व्हता का बांध?”

“माझा आन तुझा आजा एकच व्हता. तोंड सांभाळ.”

चुलत भावाने फावडं पुन्हा बांधात घातलं, मुद्दाम सावकाश. भावाने कासरा बैलांच्या पाठीवर टाकला आणि हातातल्या चाबकासकट वर चढला. पहिला हात माझ्या भावाने उचलला. हे मी कुठेही सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. चाबकाचा दांडा चुलत भावाच्या कानावर बसला आणि कानाची पाळी फाटून लोंबली. मग फावड्याचा दांडा भावाच्या बरगड्यांत गेला, परत तिथेच, आणि तिसऱ्यांदा खांद्यावर. भाऊ बांधावरून डोक्यावर खाली आला. खाली हद्दीचा दगड होता. दगडावर मान आदळल्याचा आवाज मला टोकापर्यंत ऐकू आला, ओलं लाकूड मोडावं तसा. बैल बुजले आणि मोकळं औत ओढत त्याच्या पायांवरून गेले. तो ओरडला नाही. त्याच्या तोंडात चिखल होता आणि डोळे उघडे होते.

मला धावता का आलं नाही, असं पोलिसांनी विचारलं. मी म्हणालो, पाय चिखलात रुतले होते. चिखल घोट्यापर्यंतच होता.

भाऊ जगला. दोन्ही पाय आणि डावा हात गेला. उजवा हात तेवढा उचलता यायचा, त्यातही अंगठा आणि दोन बोटं उरली, त्यांना कळत होतं आणि त्यांत थोडी ताकद होती. तो दवाखान्यात असतानाच भाऊबंद जमले. घरातलं भांडण कोर्टात कशाला, दोन्ही घरांना एकाच गावात राहायचं आहे, असं बरंच बोलणं झालं. माझं अक्षर चांगलं, म्हणून जबाब मीच लिहून दिला. ‘पाय घसरून पडला.’ भावाच्या अंगठ्याला शाई लावून तो कागदावर टेकवणाराही मीच.

दोन्ही घरांची मागची भिंत एक आहे. पुढची दोन वर्षं तो खाटेवर पडून भिंतीपलीकडचं हसणं, खोकणं, जेवणाच्या ताटांचे आवाज ऐकत होता. चुलत भाऊ कधी मुद्दाम मोठ्याने विचारायचा, “कुणी मेलं का रं पल्याड? वास येतोय.” भाऊ आतून अशा शिव्या घालायचा की त्याची बायको कानावर पदर घ्यायची. त्याने एकदा तिच्या बोटाला चावा घेतला, ती भरवत असताना. मग तीन दिवस जेवला नाही.

संस्थेत बॅटरीची खुर्ची रिकामी झाली तेव्हा मी त्याचं नाव पुढे केलं. घरच्या माणसाची परीक्षा आपण घेऊ नये हे मला समजत होतं. संस्थेतल्या आमच्या मॅडमना सांगितलंही. त्या म्हणाल्या, तुमच्याशिवाय त्या बाजूला जाणार कोण? मुदत तीन महिन्यांची होती. तेवढ्यात तो सुरक्षित चालवू लागला तर खुर्ची त्याची. नाहीतर शिवऱ्याच्या एका बाईंचा नंबर होता.

मी दर शनिवारी-रविवारी भोरहून नसरापूर आणि तिथून वेल्ह्याची येष्टी धरून जायचो. पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्यावर त्याने डोळे फिरवून सगळं अंगण बघितलं. मग म्हणाला, “दादा, म्या बसलोय. दोन वर्सं आढं बघत व्हतो.” आणि दांडी पूर्ण पुढे ढकलून अंगणातल्या हौदावर जाऊन आदळला. पुन्हा मागे आला आणि पुन्हा आदळला. पाय ठेवायची लोखंडी पाटी वाकली. त्याला थांबवायला मी खुर्चीच्या पाठीमागचं चालू-बंदचं बटण बंद केलं, तर माझ्या अंगावर थुंकला. मग हसायला लागला. त्याच्या हसण्यात आमचे वडील दिसायचे.

हौदावर आदळण्याची मला भीती नव्हती. राग असलेली पुष्कळ माणसं मी शिकवली आहेत, आठवडाभरात ती भिंतीशी भांडायचं सोडतात. खरी चूक दुसऱ्या आठवड्यात दिसली. तो अंगणातून येत होता आणि गोठ्यातून सुटलेलं वासरू आडवं आलं. तो “हो ऽ रं!” म्हणून ओरडला आणि दांडी छातीकडे ओढली.

कासरा ओढावा तशी. पंचवीस वर्षं बैल हाकलेला हात होता. समोर काही आलं की कासरा ओढायचा, म्हणजे बैल थांबतात. खुर्ची थांबली नाही. होती त्या जोरात उलटी मागे सुटली. मागे त्याची बायको पाण्याची कळशी घेऊन उभी होती. खुर्चीने तिला भिंतीवर दाबलं. नडगीचं कातडं फाटून आतलं पांढरं दिसलं. ती नुसती “आई गं” म्हणाली आणि कळशी सांडू नये म्हणून ती सरळ धरून राहिली. तो मात्र घाबरून दांडी आणखी आणखी ओढत होता, म्हणजे तिला आणखी दाबत होता. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली.

त्यानंतर ते रोजच झालं. कोंबडी आली, ओढ. मोटरसायकल आली, ओढ. मी समजावून सांगायचो, तो मान डोलवायचा, पुन्हा पाठ म्हणून दाखवायचा, “हात सोडायचा, वर घ्यायचा, मांडीवर ठिवायचा.” आणि समोर काही आलं की तोंडातून “हो ऽ रं” आणि हात छातीकडे. दोन महिने झाले. मी पहिली परीक्षा घेतली आणि ‘नाही’ लिहिलं.

“नापास करतूस? मला?” तो म्हणाला. “दादा, मला त्या रस्त्यापातुर जायचंय. माझं खाचर बघायचंय. त्ये बी न्हाई? म्या हितंच कुजू?”

“तू बायकोला मारून टाकशील एक दिवस.”

“मंग शिकव की! तू मास्तर हाईस न्हवं?”

एक महिना उरला होता.

माझ्या पिशवीत एक लाकडी फूटपट्टी असते. दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची मोजायला ती लागते. पुढच्या शनिवारी मी ती हातात घेऊन त्याच्या बाजूने चालत होतो. पुढे रिकामी पिशवी फेकली. त्याने दांडी ओढली, आणि माझी पट्टी त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी बसली. पहिल्या वेळी ते मी ठरवलेलं नव्हतं असं मला वाटतं. दुसऱ्या वेळी ठरवलेलं होतं.

त्याच्या अंगात जिवंत राहिलेला तेवढाच भाग होता, आणि मी तिथे मारत होतो. खांद्यापासून खाली दुसरीकडे कुठेही मारलं असतं तर त्याला कळलंही नसतं.

“मार,” तो म्हणाला. “बैल बी असाच शिकतो.”

मी मारलं. पिशवी, ओढ, पट्टी. पिशवी, ओढ, पट्टी. दुपारपर्यंत अंगठा सुजला. मारता मारता मला काय काय आठवत होतं: तो शाळेतून पळाला ते, बांधावर त्याने आधी उचललेला चाबूक, माझे घोट्यापर्यंतच्या चिखलात उभे पाय. सगळं पट्टीत उतरत होतं. पुस्तकं वाचणाऱ्या शांत माणसाच्या हातात एवढा जोर कुठून येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. एकदा पट्टीची कड लागून रक्त आलं, तेव्हा आम्ही दोघंही थांबलो आणि पाणी प्यायलो.

अंगणाच्या कुंपणापलीकडून चुलत भाऊ बघत होता. “मास्तर, जोरात! आमच्यानं ऱ्हायलं त्ये तुमी पुरं करा.”

तिसऱ्या शनिवारी हात वर जायला लागला. पिशवी पडली की त्याचा खांदा दचकायचा, तोंडातला “हो” अर्धा राहायचा, आणि हात दांडीवरून उठून मांडीवर जाऊन बसायचा, मारलेल्या मुलासारखा. मी पट्टी पिशवीत ठेवली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही वाटेवर सराव करत होतो. चुलत भाऊ त्याच्या दारातून उतरला आणि वाटेच्या मधोमध उभा राहिला.

“या, या. शर्यतीचा बैल आला! कुठवर पळतोय बगू.”

भाऊ थांबला. हात मांडीवर ठेवला, शिकवल्याप्रमाणे. माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोललो नाही. मग त्याने सावकाश हात उचलला, दांडीवर ठेवला आणि ती पूर्ण पुढे ढकलली. वाकलेली लोखंडी पाटी चुलत भावाच्या दोन्ही नडग्यांवर बसली. तो खाली कोसळला, आणि भावाने दांडी सोडली नाही. चाकं जागेवर खरखरत त्याच्या पायांवर चढू पाहत होती. चुलत भाऊ गुरासारखा हंबरला. लोक धावले, खुर्ची मागे ओढली.

“दांडी अडकली,” मी लोकांना म्हणालो. पुन्हा माझंच वाक्य, ‘पाय घसरला’सारखं. दांडी अडकलेली नव्हती. मी तीन पावलांवर होतो आणि माझा हात मागच्या बटणापर्यंत पोहोचत होता. मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. दार, वळण, उतार, गवत, मागे येणं. शेवटी न सांगता फेकलेली पिशवी. हात वर गेला, मांडीवर बसला. एकदा, दोनदा, तीनदा. ‘रागात खुर्ची अंगावर घालतो का’ असा रकाना फॉर्मवर नाही. तो नाही म्हणून मी सुटलो. ‘होय’ लिहिलं आणि सही केली. तो म्हणाला, “पास?” मी म्हणालो, “पास.” त्याने बायकोला हाक मारली, “आगं ए, म्या पास झालो! आयुष्यात पयल्यांदा!” ती दारात आली, नडगीवरचा व्रण अजून लालसर, आणि पदर तोंडाला लावून हसली.

मग काही महिने बरे गेले. तो एकटा येष्टीच्या थांब्यावर जायचा, दुकानासमोर उन्हात बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या देऊन बोलवायचा. सिमेंटचा रस्ता खाचराच्या कडेने जातो, तिथे जाऊन तासभर नुसता बघत राहायचा. चुलत भाऊ लंगडत होता. वाटेत समोर आला की तो बाजूला व्हायचा, आणि भाऊ रात्री फोनवर मला ते रंगवून सांगायचा. मला ते थांबवावंसं वाटलं नाही.

भाताची आवणी उरकल्यावर एका सकाळी भाऊ रस्त्यावरून खाचर बघत होता. हद्दीचा दगड जागेवर नव्हता. चुलत भावाने तो उपटून आमच्या भातात आणून रोवला होता. भाऊ रस्त्यावरून ओरडला. काय ओरडला ते त्याच्या बायकोने मला सांगितलं, पण ते मी लिहिणार नाही. चुलत भाऊ बांधावरून वर आला. त्याच्या हातात बाभळीचं दांडकं होतं. भावाची बायको गवताचा भारा डोक्यावर घेऊन मागून येत होती, पन्नास पावलांवर. तिने भारा टाकला आणि ती त्याच्याकडे पळाली.

पुढचं तिनेच मला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. तो आत होता, डोक्याला पट्ट्या, नाकातोंडात नळ्या. तिच्या पोलक्यावर त्याचं रक्त वाळून कडक झालं होतं. मला धीर द्यावा म्हणून ती सांगत होती.

“भावजी, त्यो दांडकं उगारून आला. मला वाटलं ह्ये आता वढत्यात, मागं येत्यात. पर न्हाई. लई शान्यावानी हात वर घेतला. मांडीव ठिवला. तुमी शिकवलंवतं तस्सा. खुर्ची जराबी हालली न्हाई.”

पहिला घाव कानशिलावर बसला. दुसरा कपाळावर. तिसरा ती पोहोचेपर्यंत. डोकं झाकायला त्याने हात उचलला नाही. तो हात मांडीवर होता.

अकराव्या दिवशी तो गेला. चुलत भाऊ तुरुंगात आहे. या वेळी कुणी मिटवायला आलं नाही आणि जबाब मी लिहिला नाही, तिने स्वतः सांगितला.

महिन्याभराने मी खुर्ची परत न्यायला गेलो. शिवऱ्याच्या बाई वाट बघत होत्या. खुर्ची धुतलेली होती, पण डोकं टेकायच्या उशीच्या शिवणीत काळं राहिलं होतं. मी ती सिमेंटच्या रस्त्यावर नेली. जागा शोधावी लागली नाही, तिथे कुणीतरी माती टाकली होती. पाटीखाली रस्त्यावर खडूने रेघ मारली. मग खुर्चीत बसलो.

दांडकं केवढं होतं ते मला माहीत होतं, पंचनाम्यात लिहिलं होतं. चुलत भाऊ कुठे उभा होता ते तिने दाखवलं होतं. घाव बसला तो दांडक्याच्या शेवटच्या वितीने. डोळे मिटून मी तो येताना बघितला आणि दांडी छातीकडे ओढली. खुर्ची उलटी सुटली. मनात ‘एक’ म्हटलं, दांडकं खाली यायला तेवढाच वेळ, आणि हात सोडला. उतरलो, गुडघ्यावर बसलो आणि पट्टीने रेघेपासून पाटीपर्यंत मोजलं. दीड पट्टी भरली. पुन्हा केलं. पुन्हा दीड पट्टी, वर दोन बोटं. वीत म्हणजे पाऊण पट्टी.

पहिला घाव हवेत गेला असता. दुसऱ्याचं मला माहीत नाही. पण ती पन्नास पावलांवरून पळत होती, आणि ओरडत होती, आणि रस्त्यावर माणसं यायला लागली होती.

मी चौथ्यांदा मोजत होतो तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

“काय मोजताय भावजी?”

“रस्ता,” मी म्हणालो. “रुंदी.”

ती पट्टीकडे बघत राहिली. चौथं खोटं होतं हे, आणि ते माझ्याच्याने पुरं झालं नाही. गुडघ्यावर बसल्या बसल्याच मी तिला सांगितलं. तो ओढणार होता. पंचवीस वर्षं ओढतच होता. ओढलं असतं तर कदाचित वाचला असता. ते मी मोडलं, या पट्टीने, त्याच्या एकुलत्या हातावर मारून.

“मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “दर शनवार-ऐतवार सांच्याला अंगठा काळानिळा असायचा. म्याच तेल लावायची. म्या त्यास्नी म्हणायची, सांगा भावजींना, मारू नका म्हणून. तर म्हणायचे, गप. तुझी नडगी फोडली न्हवं का म्या, त्येची फेड चाललीय.”

तिने वाकून पट्टी माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून बघितली. मला वाटलं मोडेल, किंवा मारेल. मारली असती तर मी हात पुढे केला असता. तिने ती माझ्या पिशवीत ठेवली आणि पिशवीचा बंद बांधला.

“झालं न्हवं मोजून? मंग उठा. त्या बाई वाट बगत असतील.”

खुर्ची टेम्पोपर्यंत मीच चालवत नेली. ती बाजूने चालत होती. वाटेत चुलत भावाच्या दारातून एक कुत्रं आडवं पळालं, आणि माझा हात आपोआप दांडीवरून उठून मांडीवर गेला. खुर्ची जागच्या जागी थांबली. तीही थांबली. कुत्रं गेलं तरी मला तो हात उचलून पुन्हा दांडीवर ठेवता येईना. शेवटी तिने मागचं बटण बंद केलं आणि ढकलायला सुरुवात केली.